बावीस वर्षांत एकही भोक नाही

—अहो, काठाला धरून नाही, काठाला धरून नाही! दोन्ही हात खाली घाला, तळव्यांवर घ्या — हां, अशी. काठाला धरून उचललं की काठ लोंबतो, आणि एकदा काठ लोंबला की हॅट गेली समजा. आणि ठेवताना उलटी ठेवायची, डोकं खाली, तोंड वर. लोक काय करतात, आले की टेबलावर धाडकन काठावर ठेवतात, आणि मग म्हणतात आमच्या हॅटचा आकार गेला. जाणारच! तुमचा काही दोष नाही म्हणा, तुम्ही पडलात पेस्ट कंट्रोलवाले, तुमचा सगळा जन्म झुरळं-ढेकणांत गेला, तुम्हाला कोण शिकवणार? बसा ना. नको, त्या खुर्चीवर नको, तिथे पिसाची आहे. त्याच्यावरही नको, तिथे पाद्र्याची आहे. असं करा — उभेच राहा. इथे येणारे सगळे उभेच राहतात, आमचे साडू तर येतात तेव्हा चहासुद्धा उभ्यानंच पितात. मी त्यांना कप हातात देऊन बाहेर गॅलरीत उभं करतो. वाफ लागते हो हॅटला.

काय म्हणालात? चौसष्ट. चौसष्ट आहेत, मोजायची गरज नाही, मी रोज सकाळी मोजतो. सगळ्या फेल्टच्या. गवताची नाही, कापडाची नाही, कातड्याची तर नाहीच नाही. माणसानं कुठेतरी एक रेघ मारून घ्यावी की नाही? मी फेल्टपाशी मारली. तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात — अहो, फेल्ट म्हणजे विणलेलं नसतं, लोकर गरम पाण्यात घालून, साबण लावून, चोळून चोळून, दाबून दाबून तिचा एक पापुद्रा करतात, मग वाफेवर धरून लाकडी ठोकळ्यावर ताणतात. ना शिवण, ना वीण. हे मी संग्रहालयाच्या बाईंना सांगायला लागलो तर त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण नम्रता म्हणून नाही. असो. उद्या अकराला त्या गाडी घेऊन येणार आहेत. दालन ठरलंय. जिन्याजवळचं, उजेडाचं. आणि दालनाच्या दारावर पाटी — आता पाटीवर काय लिहायचं ते अजून नक्की व्हायचंय, पण त्या म्हणाल्या, ज्यांच्या वस्तू त्यांचं नाव. म्हणजे झालंच की नक्की. मी सुताराकडून तीन नमुने आणून ठेवलेत, जाताना दाखवतो. फक्त त्यांचा हा छापील कागद तेवढा तुमच्याकडून भरून हवा, कीड नाही असा. त्याशिवाय लोकरीची चिंधीसुद्धा आत घेत नाहीत म्हणे. तर तुम्ही आपलं लिहून टाका — चौसष्ट हॅटा, लोकरीचं फेल्ट, कीड नाही — खाली सही ठोका, आणि चहा घ्या. गॅलरीत.

एकेक बघावी लागेल? बघा, बघा. लपवण्यासारखं काय आहे? ही तिकोनी, वकिलाची. ही उंच नळकांडी, ही घालून माणसं बग्गीतून जायची, आणि बग्गीत बसताना काढून मांडीवर घ्यायची, कारण वर छत. ही चाच्याची. हसू नका, खऱ्या चाच्याची आहे, काठाला मीठ लागलेलं होतं, मी स्वतः चाटून पाहिलं. आणि ही — थांबा, हिला मी काढतो — ही जनरलसाहेबांची. दोन टोकांची, आडवी घालायची. ज्या दिवशी साहेब लढाई हरले त्या दिवशी ही डोक्यावर होती. हा खळगा दिसतोय? तलवारीचा. ज्या व्यापाऱ्याकडून घेतली त्यानं कागद दिलाय, शिक्क्यासकट. तो म्हणाला, वास घ्या, अजून दारूगोळ्याचा वास येतो. आणि खरंच येतो! घ्या ना वास. नाही येत? सर्दी असेल तुम्हाला. औषधांच्या फवाऱ्यात राहून राहून नाकं जातात. माझ्याकडे बहुतेक सगळ्या त्याच व्यापाऱ्याच्या. फार सज्जन माणूस — मी सोडून दुसऱ्या कुणाला तो ऐतिहासिक माल दाखवतच नाही. म्हणतो, तुमच्यासारखी नजर कुणाला नाही.

आता कीड. खरं सांगू का, तुम्हाला बोलवायची गरजच नव्हती. बावीस वर्षांत या खोलीत एका हॅटला एक भोक नाही! विचारा कुणालाही. आमचं संग्राहक मंडळ आहे, दर महिन्याला जमतो आम्ही — तिथल्या एकेकाच्या हॅटा बघाल तर चाळण्या झाल्यात. चिटणिसांची शिकारी हॅट तर अशी खाल्लीय कसरीनं की उन्हात धरली तर भिंतीवर चांदणं पडतं. मला कीव यायची हो त्यांची. म्हणून मंडळाच्या अंकात मी लेख लिहिला — काय केलं म्हणजे कसर लागत नाही. रोज ब्रश, तोही उलट्या फेऱ्यानं. डांबराच्या गोळ्या, पण मलमलीत बांधून. आणि मुख्य म्हणजे प्रेम. लेखाचं शेवटचं वाक्य तेच होतं, मुख्य म्हणजे प्रेम. त्याच्यावर व्याख्यानही झालं माझं. दीड तास बोललो. व्याख्यान संपल्यावर चिटणीस आले, माझा हात हातात घेतला, आणि म्हणाले, बावीस वर्षांत एकही नाही? म्हटलं, एकही नाही. नायलॉनसारख्या गुळगुळीत चेहऱ्यानं हसले, आणि बराच वेळ हात सोडला नाही. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मोठ्या मनाचा माणूस.

मग आता कुठून आली कसर? तेच तर! ती या खोलीतली नव्हेच. ती आमच्या हिच्या पेटीतली. तो आवाज ऐकू येतोय का, खस् खस्, खस् खस्? ही आत बसलीय, परवापासून तेच चाललंय. लोकरीचा पुंजका ठेवायचा आणि काटेरी सुईनं टोचायचा, भोक बुजवायचं. मी काल सांगून पाहिलं, जरा हळू कर, माझं सूचीत लक्ष लागत नाही. आता ही म्हणजे पूर्वी नाटक कंपनीच्या कपडेपटात होती, तीस वर्षं. हॅटा करायची. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांना हॅटाच वाटतील, तिकोनी, पिसाच्या, सगळ्या — पण नाटकातल्या हो! सोंगाच्या! ऐतिहासिक वेगळी आणि वेशभूषेची वेगळी, हा फरक मी हिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी समजावून सांगितला. ही म्हणाली, बरं. कंपनी बंद पडली तेव्हा सगळा कपडेपट भंगारात निघाला, त्यातल्या अकरा हॅटा ही घेऊन आली. बसनं. पिशवीत मावल्या नाहीत म्हणून तीन डोक्यावर, एकावर एक, बाकीच्या दोन्ही दंडांवर ओवलेल्या. मी गॅलरीतून बघतोय — खाली शेजारी उभे, पोरं मागे लागलेली, आणि ही आपली ताठ मानेनं चालत येतेय. मी वरूनच ओरडलो, अगं काढ त्या आधी! शोभतं का? तिनं जिन्यात काढल्या. तेव्हापासून पलंगाखालच्या पेटीत आहेत. इथे फळीवर जागा नव्हती असं नाही. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही माणसाला? त्याच पेटीत लागली कसर. अकराच्या अकरा कुरतडल्या. मी म्हटलं, जाळून टाक. आजपर्यंत हिनं मला कधी नाही म्हटलं नव्हतं — कधीच नाही — त्या दिवशी म्हणाली, नाही. एवढंच. नाही. आणि सुई घेऊन बसली. बरं, संग्रहालयाच्या बाई गेल्या आठवड्यात आल्या होत्या त्याही या पेटीपाशी मांडी घालून बसल्या, इकडे मी जनरलसाहेबांना हातात घेऊन उभा! जाताना म्हणाल्या, गाडी येईल तेव्हा ह्याही बाहेर काढून ठेवा. आता मी विसरणार आहे, ते सोडा.

काय? नीट विचारा, पुटपुटू नका. पेटीतून निघाली कसर, पडद्याला लागली, माझ्या मफलरला लागली, पायपुसण्याला लागली — हो. बरोबर. मग ह्या खोलीतल्या चौसष्टांना का नाही लागली? दार उघडं असतं, हो, दिवसभर. अहो, तेच तर सांगतोय मघापासून, ब्रश! गोळ्या! प्रेम! ... नाही पटत? मग काय काढताय ते? चिमटा? हे बघा, एक धागा म्हणता, पण एक एक करत — बरं, चाच्याच्या हॅटचा घ्या, आतल्या पट्टीखालचा. आणि काडी कशाला? अहो लाकडी फळ्या आहेत! काय व्हायला हवं? केस जळल्यासारखा वास यायला हवा, आणि राख होऊन चुरगळायला हवी, लोकर असेल तर. ठीक आहे, लावा. ...

हे काय झालं? गोळी? बघू. कडक आहे. प्लास्टिकची बादली पेटल्यासारखा वास येतोय. असेल हो, चाच्याची असेल. समुद्रावरची माणसं, लोकर भिजली की वाळत नाही, त्यांनी काहीतरी वेगळं वापरलं असेल. तेव्हा सिंथेटिक नव्हतं? तुम्ही होता का तेव्हा? बरं, वकिलाची घ्या. ... वकिलाचीपण गोळी. वकील म्हणजे, आता काय सांगायचं तुम्हाला, वकील काहीही घालतात. नळकांडी घ्या. पाद्र्याची घ्या, पाद्री तरी खोटं — गोळी. थांबा. थांबा जरा. तो कागद खाली ठेवा. 'कशाची' या रकान्यात काही लिहू नका इतक्यात. लिहिलंत? पेनानं?

जनरलसाहेबांना हात लावू नका.

नाही म्हणजे, लावा. लावा, पण मी तोंड फिरवतो. झालं? गोळी की राख तेवढं सांगा. ... नको, सांगू नका. माझ्या तळहातावर ठेवा. ... समजलं. कडक आहे, गोळीच.

म्हणजे बावीस वर्षांत एकही भोक नाही ते — आणि मी ते छापलं. अंकात, फोटोसकट. माझ्याच हातानं, सही करून, सगळ्या गावाला लिहून कळवलं की माझ्याकडे एकही खरी हॅट नाही. दीड तास बोलून समजावलं! चिटणिसांच्या डोळ्यांत पाणी होतं ते — अरे देवा. तो हसू दाबत होता. सगळेच दाबत होते. पहिल्या रांगेतला तो निवृत्त पोस्टमास्तर सारखा रुमालात तोंड घालत होता, मला वाटलं बिचाऱ्याला खोकला आहे, मी व्याख्यान थांबवून त्याला पाणी दिलं हो! कसर खाते ती लोकरच, ज्याच्या हॅटला भोक त्याची हॅट खरी, एवढी साधी गोष्ट त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होती, आणि मी त्यांना प्रेम शिकवत होतो. आणि तो व्यापारी! माझ्यासारखी नजर कुणाला नाही म्हणे. नसेलच. अशी नजर शोधून सापडायची नाही.

हिला माहीत असेल? काय विचारताय — नाही, तुम्ही नाही विचारलंत, मीच विचारतोय. तीस वर्षं जिच्या हाताखालून फेल्ट गेलं, वाफेनं जिच्या बोटांची कातडी निघून परत आली, तिला कळलं नसेल? आंधळ्या माणसाला हात लावून कळतं म्हणे. पण हात लावायचीच नाही ती! ह्या खोलीत झाडायला आली तरी फळीला हात नाही. मी मंडळात सांगायचो, आमच्या हिला मत्सर वाटतो. जनरलसाहेब आणले त्या दिवशी मी जेवण थांबवून हिच्यापुढे धरली, म्हटलं, लाव, लाव हात, बघ खरं फेल्ट काय असतं ते. तर हिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणाली, ओले आहेत माझे हात. कोरडे होते हो. मी बघितलं होतं, कोरडे होते. मग म्हणाली, छान आहे, तुम्हाला शोभते.

कुणाला बोलली नाही. एवढ्या वर्षांत एका शब्दानं नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलं नसणार, नाहीतर साडू गप्प बसला असता? तो कप घेऊन गॅलरीत उभा राहिला असता? तिला एकदा म्हणता आलं असतं — त्या दिवशी जिन्यात हॅटा काढताना म्हणता आलं असतं, की अहो, तुमच्या खोलीत सगळी सोंगं आहेत आणि खरं ते माझ्या डोक्यावर आहे. मी तिच्या जागी असतो तर म्हटलं असतं. ओरडून म्हटलं असतं, खाली शेजारी उभे असताना. मला लाज वाटते हो. तुमच्यासमोर सांगतो, तुम्ही काय, आज आहात उद्या नाही — फार लाज वाटते.

बरं. लाज बाजूला ठेवू. उद्या अकराला गाडी येणार ती येणारच. काहीतरी गेलं पाहिजे ना तिच्यातून? ऐका — जरा जवळ या, हळू बोलतो. त्या अकरा. त्या लोकरीच्या आहेत, इकडे येण्याआधी तुम्हीच टॉर्च मारून बघितल्यात. अस्सल. आणि भोकं पण आहेत! भोकं म्हणजे वय, बघणाऱ्याला वाटेल दीडशे-दोनशे वर्षं सहज. तुम्ही फक्त लिहायचं — हॅटा अकरा, लोकरीचं फेल्ट, कीड होती, औषध दिलं. देणाऱ्याच्या रकान्यात मी. चौसष्टचं दालन अकराचं झालं तर झालं, पाटी तीच राहील, सुताराला परत सांगायला नको. बनवणाऱ्याच्या रकान्यात? तिथे लिहा — अज्ञात. अज्ञात कारागीर. भारदस्त वाटतं, सगळ्या संग्रहालयांत असतंच ते. लिहा ना. पेन का खाली ठेवलंत? तुम्हाला काय करायचंय, तुमचं काम कीड बघायचं! लिहा, अ-ज्ञा-त.

थांबला. आवाज थांबला बघा. ऐकलं वाटतं.

...

...नाही. सुरू झाला परत. खस् खस्. सुई बदलली असेल, नाहीतर चष्मा पुसला असेल. नाहीतर ऐकलंही असेल. ऐकून परत सुरू केलं असेल. तिचं काही सांगता येत नाही.

द्या तो कागद इकडे. द्या म्हणतो ना, फाडत नाही. पेन द्या. बनवणारा — हे 'बनवणारा' खोडून 'बनवणारी' करतो, चालेल ना? करतोच. आता अकरा वेळा लिहायचं. एक. दोन. तुम्हाला सांगतो, लग्नाच्या पत्रिकेनंतर मी हिचं पूर्ण नाव कधी लिहिलं नाही, हात अडखळतोय. तीन. नावापुढे कंसात 'अमुक यांच्या पत्नी' एवढं बसेल का? ... रकाना लहान आहे. हो, दिसतंय मला. राहू दे. चार. पाच. देणाऱ्याच्या रकान्यातही तीच, तिच्या पेटीतल्या आहेत, मी कोण देणारा? आणि माझी सही कुठे? इथे खाली? साक्षीदार. बरं, साक्षीदार तर साक्षीदार. पाटीचं काय करायचं ते मी सुताराकडे बघतो, त्याला म्हणावं, नाव चुकलं होतं.

झालं. हा घ्या कागद. आता तुम्ही निघा. चहा नको — म्हणजे तुम्हाला हवा असेल, पण मला आत जायचंय, आणि ते तुमच्यासमोर जमायचं नाही. जाताना तेवढं पॅसेजमध्ये मारा औषध, पडद्याला मारा, मफलरला मारा. इथे नको. अहो, नको म्हटलं ना, जनरलसाहेबांवर कशाला उगीच औषध घालवताय? ठेवा तिथेच. काठावर ठेवा, नाहीतर कशीही ठेवा. तिला काही होत नाही.